शेतातील सूक्ष्मनियंत्रकास संरक्षक पेटी

मिरज तालुक्यात पाण्याची पाळी ही पिकाइतकीच मोलाची गोष्ट आहे. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत ऊस व हळद, पूर्वेकडे म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी पोचलेल्या भागात द्राक्षबागा, आणि आरग, बेडग, नरवाड, मालगाव या गावांच्या परिसरात पानमळे, अशी येथील पिकांची विभागणी आहे. या प्रत्येक पिकास पाणी केव्हा व किती द्यावे हे ठरविण्यासाठी जमिनीतील ओल, हवेतील उष्णता व दमटपणा यांची नोंद ठेवणारी, किंवा पंप वेळेवर चालू व बंद करणारी लहान उपकरणे आता शेतकऱ्यांची मुले व तंत्रशाळांचे विद्यार्थी घरच्या घरी जुळवू लागले आहेत. अशा उपकरणाचा गाभा म्हणजे सूक्ष्मनियंत्रक होय. २००५ साली इटलीतील इव्रेआ या गावी विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला अर्डुइनो हा बोर्ड, किंवा बिनतारी संदेश पाठवू शकणारा ईएसपी-३२ हा बोर्ड, आज बाजारात सहज व अल्प किमतीत मिळतो.

घरातील टेबलावर हे उपकरण उत्तम चालते. आज्ञावली बरोबर असते, मोजमाप बरोबर येते, आणि काम पूर्ण झाले असे वाटते. परंतु शेतात नेल्यावर पहिल्या वळवाच्या पावसात किंवा पहिल्या पावसाळ्यात ते बंद पडते. पुष्कळदा याचा दोष आज्ञावलीस दिला जातो. वस्तुतः दोष बहुधा पेटीचा असतो. मिठाईच्या डब्यात किंवा जुन्या प्लॅस्टिकच्या बरणीत ठेवलेले उपकरण शेतात टिकत नाही. आणि ते नुसतेच बंद पडले तर एक वेळ निभावते; चुकीचे मोजमाप दाखवीत राहिले, किंवा पंप चालूच ठेवला, तर पिकाचे व मोटारीचे नुकसान होते. ज्या पेटीत वीजमंडळाचा प्रवाह आलेला असतो ती ओली झाल्यास मनुष्याच्या जिवासही धोका पोचतो. यास्तव उपकरण जुळवून झाले म्हणजे अर्धे काम झाले असे समजावे. उरलेले अर्धे काम पेटीचे होय.

पेटीने कशापासून रक्षण करावयाचे?

शेतातील उपकरणाचे शत्रू अनेक आहेत. पावसाचे पाणी हा त्यांतील सर्वांस दिसणारा शत्रू. परंतु मिरजेच्या परिसरात मार्च ते मे या महिन्यांतील धूळ व ऊन हेही तितकेच घातक असतात. उन्हाळ्यात येथील दुपारचे तपमान चाळीस अंशांच्या घरात जाते, आणि उन्हात टांगलेल्या बंद पेटीच्या आतील तपमान त्याहूनही पुष्कळ अधिक चढते.

तिसरा शत्रू फवारणीची औषधे. द्राक्षबागेत केवड्यासाठी बोर्डो मिश्रण व भुरीसाठी गंधक वारंवार फवारले जाते. बोर्डो मिश्रण लोखंडी भांड्यात करू नये हे प्रत्येक बागायतदारास ठाऊक असते. मिश्रणात मोकळे मोरचूद राहिले आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी चकचकीत लोखंडी पाते त्यात बुडवितात, आणि पात्यावर तांबूस थर चढल्यास आणखी चुना घालतात. जी क्रिया त्या पात्यावर होते तीच लोखंडी पेटीच्या कोपऱ्यावर, बिजागरीवर व स्क्रूंवर, रंग उडालेल्या प्रत्येक ठिकाणी सावकाश होत राहते. तांब्याचा अंश लोखंडावर बसतो, लोखंड झिजते आणि गंज धरतो.

चौथा शत्रू प्राणी व कीटक. स्टार्टरच्या पेटीत पाल शिरून मरणे, मुंग्यांनी घर करणे, कुंभारणीने मातीचे घरटे बांधणे, उंदराने तार कुरतडणे हे प्रकार शेतकऱ्यांस नवे नाहीत. पेटीतील ऊब व कोरडेपणा या प्राण्यांसही हवाच असतो. बोटाच्या टोकाएवढे छिद्र उघडे राहिले तरी पावसाळ्याच्या अखेरीस आत बिऱ्हाड झालेले आढळते.

पेटी कोणत्या पदार्थाची असावी?

बाजारात मिळणाऱ्या पेट्या लोखंडी पत्र्याच्या, ए.बी.एस. प्लॅस्टिकच्या, पी.व्ही.सी.च्या व पॉलिकार्बोनेटच्या असतात. लोखंडी पेटी मजबूत असली तरी तिच्यात दोन उणिवा आहेत. गंजाचा उल्लेख वर आलाच आहे. दुसरी उणीव अशी की, धातूची बंद पेटी बिनतारी लहरी अडविते. ईएसपी-३२ सारखा बोर्ड किंवा मोबाईलचे सिमकार्ड घातलेला बोर्ड लोखंडी पेटीत ठेवल्यास संदेश जात नाही. त्याची अँटेना पेटीबाहेर काढावी लागते, म्हणजे आणखी एक छिद्र वाढते. प्लॅस्टिकच्या पेटीतून लहरी आरपार जातात.

प्लॅस्टिकमध्येही भेद आहे. साधे ए.बी.एस. घरात उत्तम, उन्हात ते पिवळे पडून ठिसूळ होते. अतिनील किरणांस टिकण्यासाठी संस्कार केलेले पॉलिकार्बोनेट उघड्यावर अधिक वर्षे टिकते. अलीकडे त्रिमिती मुद्रकावर छापलेल्या पेट्या विद्यार्थी वापरतात. त्यांत नेहमी वापरला जाणारा पी.एल.ए. हा पदार्थ साठ अंशांच्या सुमारास मऊ पडतो. उन्हाळ्यात उन्हात ठेवलेली गडद रंगाची पेटी इतकी तापू शकते. मग झाकण वाकते आणि फट पडते. शिवाय छापलेल्या थरांच्या मधून पाणी झिरपते. अशी पेटी घरातील वापरापुरतीच ठेवावी.

रंग पांढरा किंवा फिकट करडा असावा. पारदर्शक झाकणाची पेटी आतील दिवा दिसावा म्हणून पुष्कळांना आवडते, परंतु उन्हात ती काचघरासारखी तापते. दिवा पाहणे अगत्याचेच असेल तर पारदर्शक झाकणाची पेटी सावलीत बसवावी.

पेटीवरील अंकांचा अर्थ

चांगल्या पेटीवर ‘आयपी’ ही अक्षरे व त्यापुढे दोन अंक छापलेले असतात. पहिला अंक धुळीपासूनचे व दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण सांगतो. पहिला अंक ५ असल्यास धूळ थोडी शिरली तरी कामात अडथळा आणण्याइतकी शिरत नाही. ६ असल्यास धूळ मुळीच शिरत नाही. दुसरा अंक ४ असल्यास सर्व बाजूंनी उडालेल्या शिंतोड्यांपासून, ५ असल्यास नळीच्या फवाऱ्यापासून, ६ असल्यास जोरदार झोतापासून, आणि ७ असल्यास एक मीटरपर्यंतच्या पाण्यात अर्धा तास बुडविल्यावरही रक्षण होते. दुसऱ्या अंकातील ५ ची कसोटी घेताना ६.३ मिलिमीटर तोंडाच्या नळीतून मिनिटास साडेबारा लिटर पाणी पेटीवर सर्व दिशांनी मारतात.

पंपघराच्या आत भिंतीवर लावावयाच्या पेटीस आयपी ५४ पुरेसे असते. उघड्या रानात व विशेषतः ट्रॅक्टरच्या ब्लोअरने फवारणी होणाऱ्या द्राक्षबागेत आयपी ६५ पेक्षा कमी दर्जाची पेटी घेऊ नये. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. हे अंक कारखान्यातून आलेल्या अखंड पेटीस दिलेले असतात. शेतकऱ्याने तिला पहिले छिद्र पाडले की त्या अंकांची हमी संपते. पुढील संरक्षण छिद्र कसे बंद केले यावर अवलंबून राहते.

आकार व आतील मांडणी

पेटी अगदी नेमकी घेऊ नये. अर्डुइनो उनो हा बोर्ड सुमारे ६९ मिलिमीटर लांब व ५३ मिलिमीटर रुंद असतो, म्हणून ८० मिलिमीटरची पेटी पुरेल असे वाटते. परंतु तारांना वळण घेण्यास, हाताची बोटे आत जाण्यास व पुढे एखादा भाग वाढविण्यास जागा लागते. १५० मिलिमीटर लांब, ११० रुंद व ७० उंच अशी पेटी एका बोर्डास, एका रिलेस व तारांच्या जोडपट्टीस बेताची होते.

बोर्ड पेटीच्या तळाशी थेट चिकटवू नये. तळाशी पाणी साचते. प्लॅस्टिकच्या लहान खुंट्यांवर बोर्ड दहा मिलिमीटर तरी उचलून बसवावा. पेटी खांबावर उभी लावावयाची असेल तर बोर्ड मागील बाजूस, वरच्या दोन तृतीयांश भागात घ्यावा व खालचा भाग तारांसाठी मोकळा सोडावा. टोचून बसविलेल्या तारा प्रयोगासाठी ठीक. ट्रॅक्टरच्या व मोटारीच्या हादऱ्याने त्या सैल होतात. पेटीत जाणारा प्रत्येक जोड डाग देऊन किंवा स्क्रूच्या जोडपट्टीत पक्का करावा.

डाग दिलेल्या बोर्डावर संरक्षक वार्निशाचा पातळ थर फवारल्यास दमट हवेचा परिणाम कमी होतो. वार्निश मारताना जोडणीची तोंडे, बटणे व हवेतील ओल मोजणारा भाग कागदी पट्टीने झाकून घ्यावा. नाही तर ते निकामी होतात.

तारा आत कशा घ्याव्यात?

पाणी बहुधा झाकणातून शिरत नाही, तारेच्या वाटेने शिरते. म्हणून पेटीच्या माथ्यास व बाजूंस एकही छिद्र पाडू नये. सर्व छिद्रे तळाच्या बाजूस घ्यावीत. प्रत्येक छिद्रात रबरी कडे असलेला केबल ग्लँड बसवावा. पीजी ७ हा ग्लँड साधारण ३ ते साडेसहा मिलिमीटर जाडीच्या तारेस, व पीजी ९ हा ४ ते ८ मिलिमीटर जाडीच्या तारेस धरतो. तार गोल असावी. चपटी तार किंवा पिळलेल्या दोन सुट्या तारा ग्लँडच्या गोल रबरात घट्ट बसत नाहीत आणि मधल्या खाचेतून पाणी आत येते. एका ग्लँडमधून एकच तार घ्यावी. रिकाम्या राहिलेल्या ग्लँडला बुच मारावे.

पेटीत शिरण्यापूर्वी तारेस खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी येऊन गळून पडते. आणखी एक सूक्ष्म गोष्ट अशी की, पाणी तारेच्या बाहेरूनच येते असे नाही. तारेच्या वरच्या आवरणास शेतात कोठे चीर पडली, तर आवरण व आतील तारा यांमधील पोकळीतून पाणी नळीतून यावे तसे चालत येऊन थेट पेटीत पडते. ग्लँड कितीही उत्तम असला तरी त्यास हे अडविता येत नाही. म्हणून शेतात मध्येच जोड देण्याचे टाळावे आणि तार खुरप्याच्या व कुदळीच्या वाटेत येणार नाही अशी नळीतून न्यावी.

फटी भरण्यासाठी सिलिकॉन वापरताना वास घेऊन पाहावा. ज्यास शिरक्यासारखा आंबट वास येतो त्यातून सुकताना आम्ल सुटते व ते तांब्याच्या जोडांस खाते. विद्युत्-कामासाठी बिनआम्लाचे सिलिकॉन मागून घ्यावे. आणि झाकण कधीही सिलिकॉनने चिकटवू नये; त्याचे रबरी गॅसकेट हेच त्याचे कुलूप होय.

बंद पेटीतही पाणी कसे येते?

सर्व छिद्रे बंद केली, पावसाचा थेंबही आत गेला नाही, तरीही काही दिवसांनी पेटी उघडल्यावर आत दव आढळते. याचे कारण पेटी श्वास घेते.

वर सांगितलेल्या मापाच्या पेटीत सुमारे १.१५ लिटर हवा मावते. दुपारी ती ५५ अंशांपर्यंत तापली असता तिच्यातील काही हवा प्रसरण पावून बारीक फटींतून बाहेर जाते. तेवढ्यात वळीव येतो आणि पेटी २५ अंशांपर्यंत एकदम निवते. आतील हवा आकुंचन पावते व सुमारे नऊ टक्के पोकळी निर्माण होते. ती भरून काढण्यासाठी पेटी सुमारे १०० घनसेंटिमीटर हवा बाहेरून ओढून घेते. त्या वेळी गॅसकेटवर पावसाचे पाणी साचलेले असेल तर पेटी हवेऐवजी पाणीच ओढते. पाऊस नसला तरी दमट हवा आत येतेच. ३० अंश तपमानाची पूर्ण दमट हवा एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरते. तीच २० अंशांस निवाली की १७ ग्रॅमच धरू शकते. उरलेले बाष्प दव होऊन बोर्डावर बसते. या पेटीपुरते ते एका रात्रीत फार तर १५ मिलिग्रॅम, म्हणजे एका थेंबाचा तिसरा हिस्सा. परंतु असे शंभर दिवस घडले, आणि आत आलेल्या पाण्यास बाहेर जाण्यास वाट नसली, तर पेटीचा हौद होतो.

यावर दोन उपाय आहेत व शेतकऱ्याने त्यांपैकी एकच पत्करावा. पहिला उपाय पेटी पूर्ण बंद ठेवण्याचा. यात पेटीस हवा जाऊ देणारी पण पाणी न जाऊ देणारी तयार पापुद्र्याची खिडकी बसवितात, त्यामुळे आतबाहेरचा दाब सारखा राहतो. आणि आत दहा ते वीस ग्रॅम सिलिका जेलची पुडी ठेवतात. सिलिका जेल आपल्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश ओल शोषू शकते. रंग बदलणारे खडे घेतल्यास ते केव्हा भरले हे कळते. भरलेले खडे १२० अंशांच्या सुमारास तापवून पुन्हा कोरडे करता येतात. निळे खडे कोबाल्टच्या क्षारामुळे विषारी असतात, म्हणून ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नयेत. शक्यतो नारिंगी खडे घ्यावेत.

दुसरा उपाय पेटीस निचरा ठेवण्याचा. पेटीच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात तीन मिलिमीटरचे एक छिद्र पाडून त्यास आतून बारीक जाळी लावावी. आत झालेले दव तेथून निथळते आणि दाबही सारखा राहतो. अशा पेटीचा आयपी दर्जा कमी होतो, परंतु आत पाणी राहत नाही. येथे बोर्डावर वार्निशाचा थर मात्र आवश्यक आहे. अशा पेटीत सिलिका जेल ठेवणे व्यर्थ होय. बाहेरची हवा खेळत असल्याने खडे थोड्याच दिवसांत भरून जातात.

ओल बाहेर ठेवण्याची ही विद्या या भागास नवी नाही. सांगलीजवळील हरिपूर येथे जमिनीत पेवे खणून, त्यांची तोंडे बंद करून हळद वर्षानुवर्षे साठविली जात असे. २००५ च्या महापुरात यांतील बरीच पेवे पाण्याखाली जाऊन निकामी झाली. बंद साठवण उत्तम खरी, पण पाणी एकदा आत शिरले की तोच बंदिस्तपणा नुकसानीस कारण होतो, हा त्यातील धडा पेटीसही लागू आहे.

उष्णतेपासून रक्षण

सूक्ष्मनियंत्रक स्वतः बराच काटक असतो. अर्डुइनो व ईएसपी-३२ यांच्या मुख्य घटकांची मर्यादा ८५ अंशांपर्यंत असते. उष्णतेने प्रथम बिघडते ती विद्युत्-घटमाला. लिथियम-आयन घट ४५ अंशांच्या वर भारित करू नये असा सर्वसाधारण नियम आहे, आणि सौरपट्टी नेमकी भर दुपारीच घट भारित करू पाहते. म्हणून घटमाला शक्य तर निराळ्या लहान पेटीत, खाली व सावलीत ठेवावी. बोर्डावरील विद्युत्-द्रावक धारित्रांचे आयुष्यही दर दहा अंश वाढीस सुमारे निम्मे होते.

पेटीच्या आतही उष्णता निर्माण होते. १२ व्होल्टांचे ५ व्होल्ट करण्यासाठी ७८०५ हा स्वस्त भाग वापरला आणि उपकरण २०० मिलिअँपिअर प्रवाह घेत असले, तर सात व्होल्ट गुणिले ०.२ अँपिअर, म्हणजे १.४ वॅट उष्णता बंद पेटीत सतत सुटत राहते. त्याऐवजी बक कन्व्हर्टर वापरल्यास यातील बहुतेक उष्णता टळते व घटमालाही अधिक काळ चालते.

बाहेरच्या उन्हासाठी सर्वांत स्वस्त उपाय सावलीचा. स्कॉटलंडचे दीपगृह-अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांनी १८६४ साली तपमापकांसाठी झडपांची पांढरी लाकडी पेटी सुचविली. हवामान-केंद्रांतून ती अद्याप वापरली जाते. ऊन अडवावे व वारा खेळू द्यावा हेच तिचे तत्त्व. महावेध प्रकल्पाखाली महाराष्ट्रात महसूल मंडळवार बसविलेल्या स्वयंचलित हवामान केंद्रांवर एकावर एक बसविलेल्या पांढऱ्या तबकड्यांचे जे आवरण दिसते, तेही याच तत्त्वाचे आहे. हवेचे तपमान व दमटपणा मोजणारा भाग बंद पेटीत कधीही ठेवू नये. तो अशा तबकड्यांच्या आवरणात पेटीबाहेर ठेवावा. नाही तर तो शेताचे नव्हे, पेटीचे तपमान सांगतो, आणि त्यावरून काढलेला रोगाचा अंदाज चुकतो.

पेटीवर चार-पाच सेंटिमीटर अंतर सोडून पांढऱ्या पत्र्याचे छप्पर करावे. सौरपट्टी असेल तर तीच छपराचे काम करते. मात्र मधले अंतर सोडण्यास विसरू नये. पेटी खांबाच्या उत्तर किंवा पूर्व अंगास लावावी. पावसाळ्यातील वारा नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येतो आणि दुपारचे कडक ऊनही पश्चिमेकडून लागते. मिरज सुमारे १६.८ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. म्हणून उत्तर बाजू निवडली तरी छप्पर लागतेच.

पंपाच्या विजेची जोडणी

पंप चालविणाऱ्या उपकरणात दोन प्रकारची वीज एकत्र येते. सूक्ष्मनियंत्रकाची ५ व्होल्टांची, व मोटारीची २३० किंवा ४१५ व्होल्टांची. या दोहोंसाठी दोन स्वतंत्र पेट्या कराव्यात. एकाच पेटीत भागवावयाचे असेल तर मध्ये प्लॅस्टिकचा पडदा घालावा आणि दोन्ही तारांना वेगळे ग्लँड द्यावेत.

लहान निळ्या रिलेवर दहा अँपिअर लिहिलेले असते म्हणून त्यावर मोटार थेट चालवू नये. पाच अश्वशक्तीची मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेते. रिलेने फक्त स्टार्टरच्या कॉइलचा प्रवाह जोडावा वा तोडावा. तेथेही सावधगिरी हवी. पुष्कळ तीन फेजच्या स्टार्टरांत कॉइलवर ४१५ व्होल्ट असतात, आणि या रिलेची मर्यादा सर्वसाधारणपणे २५० व्होल्टांची असते. कॉइल कोणत्या दाबाची आहे हे वाचल्याशिवाय तार जोडू नये. पेटी धातूची असल्यास तिला अर्थिंग अवश्य द्यावे. पंपघरात ३० मिलिअँपिअरवर तुटणारा गळती-रक्षक स्विच बसवावा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. यात काटकसर करू नये. विजेची पाळी रात्रीची असली म्हणजे शेतकरी अंधारात, ओल्या जमिनीवर उभा राहून पेटीस हात लावतो, हे पेटी करणाऱ्याने सदैव डोळ्यांपुढे ठेवावे.

पिकाप्रमाणे जागेची निवड

द्राक्षबागेत पेटी मांडवाच्या खाली, परंतु ब्लोअरच्या थेट झोतापासून दूर, ओळीच्या टोकाच्या खांबावर लावावी. स्क्रू बिनगंजी पोलादाचे असावेत. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या वाढतात. त्या काळात पेटीवरचा औषधाचा थर ओल्या फडक्याने पुसून काढावा.

पानमळ्यात शेवरी, शेवगा व पांगारा यांची सावली असते, म्हणून उन्हाचे भय नाही. भय ओलीचे. तेथे हवा सदैव दमट असल्याने निचऱ्याची पेटी व वार्निश केलेला बोर्ड हाच मार्ग बरा.

उसाच्या फडात पेटी लावू नये. ऊस पुरुषभर उंचीच्या वर गेला की संदेश अडतो, उंदीर तारा तोडतात, आणि तोडणीच्या वेळी पेटी सापडत नाही. ओल मोजणारा भाग तेवढा फडात ठेवून पेटी बांधावर घ्यावी.

नदीकाठच्या क्षारपड जमिनीत लोखंडी खांबाचे बूड लवकर खाल्ले जाते. तेथे खांबाचा पुरलेला भाग काँक्रीटमध्ये घ्यावा. दोन उघड्या सळयांचा ओलमापकही अशा जमिनीत विद्युत्-विघटनाने लवकर झिजतो. त्याऐवजी धारित्र-तत्त्वावर चालणारा, सळया उघड्या नसलेला ओलमापक घ्यावा व त्याची वरची कडा वार्निशाने बंद करावी.

कृष्णेचे महापूर २००५, २०१९ व २०२१ साली आले. आयपी ६७ ची पेटीही अशा पुरात उपयोगी पडत नाही, कारण तिची कसोटी एक मीटर पाण्याची व अर्ध्या तासाची असते. पूर कित्येक मीटरचा व कित्येक दिवसांचा असतो. नदीकाठी पेटी दोन स्क्रूंत व एका जोडणीत सुटून हातात येईल अशीच बसवावी. मोटारी वर काढताना तीही उचलून न्यावी.

शेतात नेण्यापूर्वी कसोटी

पेटीत बोर्ड घालण्यापूर्वी ती रिकामी तपासावी. आत टिपकागद ठेवून त्यावर शाईच्या पेनाने रेघा ओढाव्यात, सर्व तारा ग्लँडमधून ओवून झाकण लावावे, आणि फवारणीच्या पंपाने तीन मीटरांवरून सर्व बाजूंनी तीन मिनिटे साधे पाणी मारावे. शाई पसरली असेल तर पाणी कोठून आले हे डागावरून समजते.

दुसरी कसोटी याहून कडक आहे. बंद पेटी भर दुपारी उन्हात एक तास तापू द्यावी व लगेच तिच्यावर गार पाण्याची बादली ओतावी. पहिल्या कसोटीस उतरलेल्या पुष्कळ पेट्या येथे पाणी ओढतात. जी पेटी या दोन्ही कसोट्यांस उतरेल तिच्यातच बोर्ड बसवावा. त्यानंतर उपकरण आठ दिवस घराच्या गच्चीवर चालवून पाहावे व मगच शेतात न्यावे.

देखभाल

वर्षातून दोनदा पेटी उघडावी, एकदा मृगापूर्वी व एकदा पावसाळा संपल्यावर. गॅसकेटवरील माती पुसावी, चीर पडलेले गॅसकेट बदलावे, ग्लँड हाताने आवळून पाहावेत, निचऱ्याचे छिद्र काडीने मोकळे करावे, सिलिका जेलचा रंग पाहावा. कोठे हिरवट डाग दिसल्यास तेथे तांब्यास ओल लागली आहे असे समजून तो जोड पुन्हा करावा. झाकणाचे स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतून आळीपाळीने आवळावेत. एका बाजूने आवळल्यास झाकण तिरके बसते. झाकणाच्या आतील बाजूस जोडणीचा आराखडा व बसविल्याची तारीख कागदावर लिहून चिकटवावी. उपकरण जुळविणारा मुलगा शिक्षणासाठी परगावी गेला तरी त्या कागदाच्या आधारे गावातील वायरमनला ते दुरुस्त करता येते.

थोडक्यात सांगावयाचे तर, छिद्रे खाली, छप्पर वर, तारेस झोळ, आत आलेल्या ओलीस वाट, आणि मोठ्या विजेस निराळे घर, या पाच गोष्टी सांभाळल्यास साध्या किमतीची पेटीही अनेक पावसाळे काढते. पेटीसाठी होणारा खर्च बोर्डाच्या किमतीएवढा, क्वचित अधिकही, होतो. तरी तो व्यर्थ समजू नये, कारण ज्या उपकरणाच्या सांगण्यावरून बागेस पाणी द्यावयाचे ते ऐन हंगामात बंद पडले किंवा खोटे बोलू लागले, तर होणारे नुकसान पेटीच्या किमतीहून पुष्कळ मोठे असते.